फुकटचं

"हे चोरीचं आहे का, मॅडम?"

साहेबांनी आवाज चढवला नव्हता. कोथरूडच्या बंगल्यातला आवाज. स्वच्छ, हळू. समोर सातवीच्या छत्तीस मुली. शेजारी मुख्याध्यापिका बाई. मी उभी, हात पाठीमागे.

साहेब म्हणजे आमच्या शाळेला लॅपटॉप देणाऱ्या कंपनीचे. बारा लॅपटॉप. कंपनीत वापरून झालेले. देताना नारळ फुटला, फोटो निघाले, झाकणांवर कंपनीचे स्टिकर लागले. शाळा हडपसरची, एका छोट्या संस्थेची. मी तिथं कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायचे. फोटोवाले गेले आणि कळलं, अर्धे लॅपटॉप सुरू होतानाच अडकतात. जे पूर्ण सुरू होतात त्यांच्यावर परवान्याची मुदत संपल्याची पाटी. कंपनीत दोनदा फोन केला. "बघतो" म्हणाले.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी लिनक्स टाकायला बसले. लॅपटॉप चालवणारी सिस्टिमच ती, पण बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. जुन्या मशिनवरही हलकी चालते. बाईंना आधी विचारलं होतं. "करा, पण माझ्यावर काही आणू नका," म्हणाल्या. फोनच्या नेटवर फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली. पहिल्या लॅपटॉपनं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं का? बोट तिथंच थांबलं. बिघडलं तर मी कुठली भरून देणार? दोन वेळा उठून पाणी पिऊन आले. मग दाबलं.

अर्ध्या तासानं नवा पडदा आला. भाषांच्या यादीत मराठी होती. चार दिवसांत बाराही लॅपटॉप चालू. शाळा उघडल्यावर मुली पडद्यावर 'कचरापेटी' वाचून हसत सुटल्या. रेश्मा नावाच्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वर्गाचा हजेरीतक्ता बनवला. मला खूप बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

आणि मग साहेब पाहणीला आले. पडद्यावर त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

"चोरीचं नाही सर," मी म्हणाले. "लिनक्स आहे. मोफत असतं. कुणीही वापरू शकतं."

"मोफत," साहेब बाईंकडे बघून म्हणाले. "वा. आपलं आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालेच नव्हते. आता सांगितलं.

"हं. तरीच. फुकटचं म्हटलं की तुम्हा लोकांना बरोबर वास लागतो."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. छत्तीस मुली माझ्याकडे बघत होत्या. हा शब्द मला नवा नव्हता. फुकटची सीट. फुकटची फी. कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीवर मी गर्दी पांगल्यावरच जायचे, कुणी बघायला नको म्हणून. बौद्ध आहे हे हॉस्टेलच्या मैत्रिणींना मी तीन वर्षं कळू दिलं नाही. इतकं करूनही शब्द मला शोधत इथं आलाच होता.

आणि मी काय केलं?

मी म्हणाले, "सॉरी सर. जुनं होतं तसं करून देते."

कुणी गळा धरला नव्हता. मी आपणहून म्हणाले. वर हसलेसुद्धा. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटतं.

साहेब गेल्यावर रेश्मानं हात वर केला. "मॅडम, आपण चोरी केली होती का?"

"गप्प बस. काम कर," मी ओरडले. साहेबांवर जे ओरडायला हवं होतं ते त्या पोरीवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी रेश्मा लॅपटॉपसमोर हात काखेत घालून बसली. शेजारच्या मुलीनं माउस पुढं केला, तरी हिनं हात काढला नाही. मी जवळ जाऊन विचारलं.

"आई नको म्हणती," ती खाली बघत बोलली. "चोरीच्या वस्तूला हात लावू नको म्हणती. काय गेलं की आपल्यावरच येतं."

तिची आई लोकांच्या घरी धुणंभांडी करते. तिच्यावर काय काय आलं असेल ते मी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. माझ्या एका सॉरीनं ते आता पोरीपर्यंत आणून पोचवलं होतं.

मी फळ्यापाशी गेले. लिनक्सचा परवाना काय म्हणतो ते मराठीत लिहिलं. कुणीही वापरा. कसं बनलंय ते उघडून बघा. बदला. दुसऱ्याला द्या. मुलींना म्हणाले, "ही चोरी नाही. चोरी नव्हतीच. मी काल माफी मागितली ते चुकलं. आणि रेश्मा, तुझ्यावर ओरडले तेही चुकलं."

रेश्मानं हात काढले नाहीत. तिनं लगेच विश्वास का ठेवावा?

आठवड्यानं बाईंनी ऑफिसात बोलावलं. कागद टाइप करून ठेवला होता. मी विनापरवानगी लॅपटॉपमध्ये फेरफार केले, त्याबद्दल दिलगीर आहे.

"सही करा. विषय संपेल," बाई म्हणाल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"ते तोंडी होतं."

"मग सही नाही करणार."

"अहो, मार्चमध्ये कंत्राट संपतंय तुमचं. विचार करा."

"केला."

कंपनीनं लॅपटॉप टेंपोत घालून परत नेले. मार्चनंतर मलाही बोलावलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत आता बाकं रचून ठेवलीत, असं शिपाईमामा सांगत होते.

मी तक्रार केली आहे. संस्थेकडे, शिक्षण विभागाकडे आणि पोलीस चौकीत. पहिला अर्ज लिहिला तेव्हा त्यात फक्त लॅपटॉपचं लिहिलं होतं. आडनावाचं गाळलं होतं. 'तुम्हा लोकांना' हे गाळलं होतं. लिहायची लाज वाटली. अपमान त्यांनी केला आणि झाकत मी बसले होते. तो अर्ज मी फाडला.

नव्या अर्जात पहिलंच वाक्य ते आहे. साहेब जसं बोलले तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. खाली माझं पूर्ण नाव. बाई म्हणतात, त्यांनी काही ऐकलं नाही. परवा संस्थेतून फोन आला. अर्ज मागे घ्या, जूनपासून परत घेऊ म्हणाले.

मी नाही म्हणाले. पुन्हा विचारतील. पुन्हा नाही म्हणेन.