कालवफोड्या आणि आठ कोल्हापूरकर

"खडक कुठायत?" अण्णांनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. मांडवीच्या किनाऱ्यावर मी आठ कोल्हापूरकरांना सकाळी सकाळी आणून उभं केलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. अण्णांच्या खांद्यावर तर दुधीभोपळ्याएवढी लेन्स. समोर काळे खडक उघडे पडायला हवे होते. त्यांच्या जागी पाणी होतं. निवांत, भरपूर पाणी.

"येतील," मी म्हटलं.

"खडक येतील?"

"पाणी जाईल हो. मग खडक दिसतील. मग पक्षी येईल."

"म्हणजे आधी पाण्याची वाट बघायची, मग खडकाची, मग पक्ष्याची." अण्णा मागे वळून आपल्या मंडळींना म्हणाले, "बसा रे खाली. लई मोठी रांग हाय."

मी बर्ड गाईड आहे. थंडीत आमच्या किनाऱ्यावर लांबलांबून पक्षी येतात, आणि त्यांच्यामागून लांबलांबून माणसं येतात. त्या दोघांची गाठ घालून देणं हे माझं काम. मुंबईची एक टूर कंपनी ग्रुप पाठवते, मी रत्नागिरीत ते सांभाळते. माझ्या सासूबाई शेजारणींना "ती टुरिझममध्ये असते" एवढंच सांगतात. पक्षी दाखवायचा पगार मिळतो हे त्यांना स्वतःलाच अजून पटलेलं नाही.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, टार्गेट. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी गिऱ्हाईक एवढा प्रवास करून येतं तो पक्षी. बाकीचे शंभर दाखवा, टार्गेट नाही दिसलं तर ट्रिप फुकट. आमचं टार्गेट होतं कालवफोड्या. नावातच सगळं आलं. कालवं, शिंपले फोडून खातो. अंग काळं-पांढरं, पाय गुलाबी, आणि चोच अशी की कुणीतरी गाजर सोलून चिकटवलंय. कंपनीच्या ब्रोशरवर त्याचाच फोटो होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'भेटा यांना, रत्नागिरीत'.

आणि हे महाशय त्या हंगामात कुणाला भेटतच नव्हते! पहिल्या ग्रुपच्या वेळी खडकांवर प्री-वेडिंगवाले निळ्या धुराचे बॉम्ब फोडत होते. दुसऱ्या ग्रुपमधल्या एकाने ऐन वेळी ड्रोन उडवला. दोन्ही ग्रुपनी रिव्ह्यू लिहिले. ते वाचून आमच्या नितीन सरांचा फोन आला. नितीन सर म्हणजे माझे बॉस. वयाने माझ्या भाच्याएवढे, पण आवाज काढतात आजोबांचा.

"ताई, तिसऱ्या ग्रुपलाही नाही दिसला, तर पुढच्या हंगामात रत्नागिरी बंद."

"सर, पक्षी माझ्या पगारावर नाहीये."

"मला कळतंय हो. पण वरच्यांना नाही ना कळत. आणि दिसला तर फोटो हवा. फोटोशिवाय कुणी मानणार नाही."

खरं सांगते, मला या कामाचं वेड आहे. दिवाळी संपली की मी रोज पहाटे समुद्राचा वास घेऊन बघते, आले का म्हणून. आता ते सगळं सोडून मी काय करायचं? हॉटेलात रिसेप्शनला बसून 'चेकआऊट टाइम दहा' सांगायचं?

आणि त्यात आला हा कोल्हापूरचा ग्रुप. त्यांच्या तारखा बघितल्या आणि मी कपाळावर हात मारला. अष्टमी!

जरा समजावून सांगते. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच मागेही जातं, खडक उघडे पडतात, पक्ष्यांना जेवण मिळतं. अष्टमीच्या आसपास असतो भांग. म्हणजे पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, नुसतं सुस्तावून पडतं. खडकावरचे पक्षी बघायला भांगात कुणी येत नाही. मग हे का आले?

"त्याचं काय हाय ताई," अण्णांनी खडकांची वाट बघता बघता खुलासा केला. "सोमवारी आमच्यातले चौघे मासं खात न्हाईत. गुरुवारी तिघं. मग एकादशी आली, संकष्टी आली. म्हटलं एवढं कोकणात जायाचं आणि वरण-भात खायाचा? सगळं टाळून ह्या दोन तारखा गावल्या बघा."

"आणि शनिवार? आज शनिवार आहे."

"मारुतीला सांगून आलोय."

पक्षी बघायच्या तारखा माशांवरून! मी हसू की रडू? अण्णांच्या बायको शोभाताई मात्र शांतपणे दुर्बिणीतून पाण्याकडे बघत होत्या. त्या ग्रुपमध्ये खऱ्या पक्षीवेड्या त्याच. बाकीचे सात त्यांच्या सोबतीला, आणि सुरमईच्या. रिव्ह्यूही शोभाताईच लिहिणार होत्या. म्हणजे रत्नागिरीचं भवितव्य त्यांच्या हातात होतं, आणि त्या फार कमी बोलायच्या. मला भीती वाटायला लागली.

उन्हं वर येईपर्यंत थांबलो. पाणी गेलं, पण कंटाळत गेलं. दोन-चार खडकांनी ओली डोकी वर काढली. एकावर एक बगळा येऊन बसला.

"हा चालंल का?" अण्णांनी विचारलं.

"नाही चालणार," शोभाताई म्हणाल्या. दिवसभरातलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

तिथून सगळ्यांना टेम्पोत घालून पूर्णगडला नेलं. आमच्या ग्रुपची तिथली राहण्या-जेवणाची सोय पार्वतीकाकींकडे असते. काकी कोळीण, खाडीच्या काठावर घर, हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. पानात सुरमई पडली तेव्हा सात कोल्हापूरकर पहिल्यांदा गप्प झाले. मग अण्णांनी मान वर केली.

"काकी, तिसऱ्या न्हाईत?"

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूतले शिंपले. त्यांचं सुकं खाल्लं की माणूस ताटावरून उठत नाही.

"त्या काय झाडाला लागतत?" काकी म्हणाल्या. "उद्या सुकतीला मी खाडीत जातंय. खायच्या असतील तर येवा संगती नि काढा."

सुकती म्हणजे ओहोटी. अण्णांचे डोळे चमकले आणि मी मनात तास मोजायला लागले. उद्याची सकाळ ही माझी शेवटची सकाळ. जेवून ग्रुप परत निघणार होता.

संध्याकाळी मागच्या खाजणात गेलो. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, कडेने कांदळवन. तिथे तर नुसती चंगळ! लाल काडीसारख्या पायांचे शेकाटे, चिखलात टुकटुक चोच मारणाऱ्या तुतवारांची फौज, काळ्या टोपीचा खंड्या. माथ्यावरून समुद्री गरुड गेला तेव्हा अण्णांनी अशी आरोळी ठोकली की शेकाट्यांचा अख्खा थवा उडाला.

"अण्णा, हळू!"

"हळूच वरडलो की ओ."

सगळे खूश. शोभाताईंना आयुष्यात पहिल्यांदा दिसलेले, आम्ही ज्यांना लाइफर म्हणतो ते, तीन मिळाले. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या कालवफोड्या, ना?"

"हो, उद्या," म्हणत मी मोबाइलवर ओहोटीच्या वेळा पुन्हा एकदा बघितल्या.

रविवारी मी पूर्णगडच्या खालच्या खडकांवर जायचा बेत सांगितला. मतदान झालं. सात मतं तिसऱ्यांना. शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला जाऊ. नाहीतर हे कोल्हापूरपर्यंत तेच काढत बसतील." संपलं. मी मनातल्या मनात रिसेप्शनचा ड्रेस शिवायला टाकला.

चिखलात नको म्हणून लेन्स, कॅमेरे, दुर्बिणी सगळं टेम्पोत ठेवलं. खाडीच्या तोंडाशी एक वाळूचा पट्टा आहे, भांगातही उघडा पडतो, फार तर घोटाभर पाणी राहतं. काकी पुढे, मागे पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेले कोल्हापूरकर. अण्णा पांढऱ्याशुभ्र बनियनवर. एका हातात पातेलं.

"उभ्यानं काय गावायचा नाय," काकींनी दम दिला. "खाली बसा. हातानं चाचपा. नि बारकी परत टाका!"

सगळे बसले. हात वाळूत कोपरापर्यंत. आणि काय सांगू, पहिली तिसरी हाताला लागली की माणूस पोरासारखं होतं! "गावली! गावली!" असा गलका सुरू झाला. मीही बसले. म्हटलं, नोकरी जातेच आहे, निदान सुकं तरी खाऊ. थोड्या वेळात मी पैज लावून अण्णांच्या पातेल्याशी शर्यत करत होते. रिसेप्शनचा ड्रेस कुठल्या कुठे गेला होता.

तेवढ्यात शोभाताईंचा आवाज आला. एकदम शांत.

"अहो, मागं बघू नका."

"का?" अण्णा वाकल्या वाकल्या म्हणाले.

"तो तुमच्या मागं उभा आहे."

मी मान वळवली. अण्णांच्या मागे, जेमतेम दहा-बारा पावलांवर, गाजराची चोच. काळा कोट, पांढरं पोट, लाल डोळा. कालवफोड्या! त्याच्यामागे अजून एक. मग अजून. सात-आठ जण आमच्यासारखेच वाळू चाचपत, आमच्याच दिशेने चालत येत होते. एकाने शिंपला ओढून काढला, चोच फटीत घातली, मान जरा वाकडी केली आणि टक्क! उघडला. आम्ही सगळे आ वासून बघतोय.

ते उडत का नव्हते? माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. खडक पाण्याखाली, म्हणून त्यांनीही काकींसारखाच विचार केला होता. चला तिसऱ्यांना. आणि या पट्ट्यावर रोज बायका बसून शिंपले काढतात. बसलेलं, वाकलेलं, हात वाळूत घातलेलं माणूस त्यांच्या सवयीचं. ते भितात उभ्या माणसाला, आणि आम्ही पक्षीवाले तर कायम उभे! तेही डोळ्यांना नळकांडी लावून.

"कुणीही उठू नका," मी कुजबुजले. "कुणीही म्हणजे कुणीही."

"ताई, माझी कंबर," अण्णा कुजबुजले. कोल्हापुरी कुजबूज पलीकडच्या काठापर्यंत जाते, पण पक्ष्यांनी मान वर केली नाही.

फोटो! सगळे कॅमेरे टेम्पोत. माझा मोबाइल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात होता, कामाची सवय. बसल्या बसल्या ओढून बाहेर काढला. अंगठा लावला. अंगठा चिखलाने माखलेला, मोबाइल ओळखच देईना. ओढणी चिंब. ड्रेस चिंब. कोरडं, स्वच्छ असं त्या अख्ख्या खाडीत एकच कापड होतं.

"अण्णा, माफ करा हं," म्हटलं आणि त्यांच्या बनियनला दोन्ही हात पुसले.

"आता ह्ये काय!"

"हलू नका!"

शोभाताई तोंडावर चिखलाचा हात दाबून हसत होत्या. खांदे गदागदा हलत होते. मोबाइल उघडला. एक फोटो काढला, दुसरा काढला, आणि अण्णांच्या कंबरेने दगा दिला. ते "आयाया" करत ताठ उभे राहिले, मागे वळले आणि पक्षी बघून खाडी दुमदुमेल अशा आवाजात ओरडले, "नाद खुळा!"

अख्खा थवा उडाला. काळ्या पंखांवर पांढरे पट्टे लखलखले, क्लीप-क्लीप करत आमच्या डोक्यावरून एक गोल चक्कर, आणि समुद्राकडे. आठही कोल्हापूरकर टाळ्या पिटत होते. मी नाचले, अक्षरशः नाचले, आणि चिखलात सपशेल आडवी झाले. पडताना काकींची टोपली लवंडली. त्यानंतर काकी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

दुपारी तिसऱ्यांचं सुकं खाता खाता सरांना फोटो पाठवला. लगेच फोन.

"ताई, हे काय आहे?"

"कालवफोड्या."

"मला एक गृहस्थ दिसतायत. वाकलेले. बनियनवर हातांचे ठसे आहेत."

"ते अण्णा. त्यांच्या पाठीमागे बघा. लाल चोच."

मग सर हसायला लागले, आणि तो हसण्याचा आवाज आजोबांचा नव्हता, भाच्याचाच होता. मी मात्र रिव्ह्यू येईपर्यंत हसले नाही. शोभाताईंनी लिहिलं होतं, "कालवफोड्या दिसला. इतका जवळ की दुर्बीण लागली नाही. आमचे हे मध्ये आले, तरी दिसला. तारखा पुन्हा अशाच घ्याव्यात."

आठवड्याने सरांचा फोन आला.

"ताई, रत्नागिरी चालू. पण पुढचा ग्रुप विचारतोय, तिसऱ्या काढायला मिळतील ना?"

"आणि पक्षी?"

"पक्षी काय, असला तर असला म्हणाले."

ब्रोशरवर आता अण्णांची पाठ आहे. माझ्या ग्रुपला मी हल्ली पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगते. दुर्बीण राहिली तरी चालेल, पण एक स्वच्छ पांढरं बनियन जवळ असू द्या. आणि पक्षी हवा असेल तर मुकाट्याने खाली बसा.