चौदा तासांची शांतता

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी शिवांजली मोहिते स्पिरिटच्या बोळ्याने हेडफोन पुसत होती. पलूसजवळच्या साखर कारखान्याने तिला बंद पडलेल्या दवाखान्याची मागची खोली दिली होती. भिंतींना फोम तिने स्वतः चिकटवला होता. शिवांजली रहिमतपूरची, श्रवणशास्त्रात पीएच.डी. करणारी. विषय ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकांच्या कानांचा. इंजिनाचा आवाज असतोच, त्यावर मात करायला चालक सीटमागे मोठे स्पीकर बांधतात आणि ते कधी बंद नसतातच.

तपासणीची अट एकच. चालक आधीचे चौदा तास गोंगाटापासून लांब हवा. गोंगाटातून आलेला कान काही तास बधिर राहतो, मग सावरतो. त्या वेळात मोजला तर नसलेला बहिरेपणा कागदावर येतो. म्हणून ती प्रत्येकाला विचारी आणि प्रत्येक जण सांगे, आराम झालाय.

त्या सकाळी खिडकीवरचा फोम सुटला होता. तो दाबायला ती उठली, तर समोर गाणी लावलेला एक ट्रॅक्टर येऊन थांबला. गाणं बंद झालं. पन्नाशीचे आप्पासो खाली उतरले आणि थेट तिच्या दारात आले.

"आराम झालाय, ताई."

"आत्ता ट्रॅक्टरवरनं उतरलात तुम्ही."

आप्पासो खुर्चीत टेकले. "बघितलासा व्हय?"

"खोटं कशाला सांगायचं?"

"आवं, खरं बोललं की तुमी माघारी पाठवतासा. पयल्या आठवड्यात अर्जुनाला पाठवलासा. तुमचं काम तटतंय, आमचा उसाच्या रांगंतला नंबर जातोय. मग यार्डात ठरलं, ताईंनी इचारलं की व्हय म्हणायचं. पोरगी आपल्यातली हाय, हू दे लवकर डाक्टर."

"सगळ्यांनी ठरवलं?"

"एक गडी फुटला न्हाई," आप्पासो म्हणाले. हे त्यांनी अभिमानानेच सांगितलं.

तिने यंत्र बंद केलं, परत चालू केलं. जवळजवळ प्रत्येकाच्या आलेखात बारीक, उंच स्वरांपाशी रेघ खाली घसरत होती. दोन महिने ती या खड्ड्यावर खूश होती. त्यातला कायमचा किती आणि आदल्या रात्रीच्या गाण्यांचा किती, हे आता सांगता येणार नव्हतं. आठवड्याभरात कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे हंगाम संपणार आणि चालक पांगणार. पुढचा हंगाम दिवाळीनंतर, आणि प्रबंधाची मुदत तिने एकदा वाढवून घेतली होती.

मार्गदर्शक क्षमा लिमये पुण्यात असत. तिने उभ्यानेच फोन लावला, खोलीभर फिरत सगळं सांगितलं.

"नोंदीत आराम लिहिलाय," क्षमाताई म्हणाल्या. "परीक्षक काही विचारणार नाहीत." आणि लगेच, "तुला मात्र आता माहीत आहे."

फोन ठेवून ती बाहेर यार्डात गेली. उसाच्या ट्रॉल्यांमधून एक चक्कर मारली, चार ट्रॅक्टरांवर चार गाणी चालू होती. तिथे विचार करणं शक्य नव्हतं. परत आली तेव्हा आप्पासो तसेच बसलेले.

"साफसफाईला कारखाना कधी बंद असतो?"

"आजच की. दुपारी तीनला गाळप थांबतंय. उद्या एकला सुरू."

"मग उद्या सकाळी सगळ्यांनी परत यायचं."

"घरी झोपाय गावतंय ते सोडून? तुमची पदवी म्हंजे आमच्या कानाला ताप हाय बघा."

"झोपूनच या, पण सकाळी ट्रॅक्टर न आणता. आणि गाण्यांचे पेनड्राइव्ह आत्ता माझ्याकडे द्या."

"लावणार न्हाई म्हणलं की."

"आराम झालाय असंही म्हणाला होतात."

आप्पासो हसले, पण जाऊन पेनड्राइव्ह काढून आणला. तो कानाजवळ हलवून बघत म्हणाले, "घरापतुर निस्तं इंजन ऐकायचं. बायकू म्हणंल, आज कोण वारलं?"

दुपारपर्यंत बाकीच्या चालकांचेही पेनड्राइव्ह तिच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात जमले. दोघा-तिघांनी दिले नाहीत. त्यांची नावं तिने उद्यासाठी घेतली नाहीत. जुन्या फाइल्स तिने वेगळ्या ठेवल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा बंद केल्या. किती जण येतील याचा अंदाज तिला बांधता येईना. आप्पासोंना विचारलं तर ते व्हय म्हणाले असते, म्हणून तिने विचारलं नाही.

तीनला गाळप थांबलं. उद्या पहिली तपासणी सकाळी सातला, आप्पासोंची. शेवटची एकच्या आत.