विहीर बुजवायला निघालो तेव्हा

"टाका भाऊ," मी म्हणाले, आणि टिप्परवाल्यानं मुरूम विहिरीत ओतला. माझी धाकटी जाऊ तेव्हा आत होती.

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला दोन पावलं पुढं जाऊन वाकायचं होतं, तेवढं मी केलं नाही. मुरूम पडायचा थांबला, लाल धूळ वर आली आणि त्या धुळीतून बाईचा खोकला ऐकू आला. टिप्परवाला माझ्याकडं बघत राहिला. "अम्मा, अंदर कौन है?"

दौलताबादकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं रान होतं. रस्त्याकडचा तुकडा माझ्या नावावर, मागचा दिराच्या आणि जावेच्या, आणि मधोमध सामाईक विहीर. शहर वाढत आमच्या बांधापर्यंत आलं होतं. पाऊस दोन वर्षं नव्हता. विहिरीच्या तळाशी, एका कपारीत, बोटाएवढा झरा तेवढा राहिला होता.

अशात एका मोठ्या दुकानाच्या कंपनीचा माणूस नकाशा घेऊन आला. मी चौथी शिकलेली, मला नकाशा कळत नाही, पण रंग कळतात. माझा तुकडा पिवळ्या पट्ट्यात होता, म्हणजे तिथं बांधता येत होतं. जावेचा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीच करायची. तो म्हणाला, हिरव्याचा पिवळा करून घेऊ, पण जागा सलग पाहिजे. पुढं रुंद रस्ता, मागं ट्रक वळायला जागा, मधे गाड्या लावायला सपाट मैदान. एकीनं दिली आणि दुसरीनं नाही, तर उपयोग नाही.

"एवढ्या गाड्या?" जाऊ म्हणाली. "शहरातला क्रांती चौक उचलून इथं आणता का काय?"

तो हसला. मग म्हणाला, "मोजणीच्या आधी विहीर तेवढी बुजवून घ्या."

जाऊ हसायची थांबली. तिचं म्हणणं एकच होतं. विहीर बुजवायची तर आधी तिची ओटी भरायची. या विहिरीचं पाणी आम्ही दोघी लग्न होऊन आल्या दिवसापासून प्यायलो, तिला रिकामी कशी लावून द्यायची? मी विधवा, तेव्हा ओटी तिनंच भरायची होती.

मी म्हणाले, "कोरड्या विहिरीची कसली गं ओटी? दगडाला लुगडं नेसवणार का?"

"तुम्हाला नाय कळायचं, जाऊबाई," ती म्हणाली. त्यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

पाणी असतं तर तिनं ओटी वरूनच सोडली असती. पाणी नव्हतं, म्हणून ती पायऱ्यांनी खाली उतरली, तांदूळ, खण आणि नारळ घेऊन. मला सांगितलं नाही, कारण आमचा अबोला होता. त्याच वेळी वस्तीवर टँकर आला आणि सगळ्या बायका तिकडं धावल्या. मला वाटलं, तीही तिकडंच असेल. दीर कन्नडला बाजाराला गेलेले. मी सांगून ठेवलेला मुरमाचा टिप्पर येऊन उभा राहिला. "डालूं क्या?" त्यानं विचारलं. रागातला माणूस वाकून बघत नाही.

टिप्परवाला माझ्या आधी खाली उतरला. त्याच्यामागं मी. ती कपारीत अंग चोरून बसली होती. ओटी झऱ्यावर ठेवायची म्हणून ती आत सरकली होती, तेवढ्यानंच वाचली. कमरेपासून खाली मुरमात. आम्ही हातांनी मुरूम उपसला. नखं निघाली माझी. तिचा पाय मोडला होता, पण ती रडत नव्हती. तिनं एवढंच म्हटलं, "नारळ ठेवला मी. तुम्ही पाय देऊ नका त्याच्यावर."

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "तुमचा आवाज ऐकला मी खालून. म्हणलं, आता जाऊबाई वाकून बघतील."

"मी नाय बघितलं."

"व्हय. ते कळलं मला."

आणि तिनं माझ्या बोटांना बांधलेली चिंधी सोडली, नीट गुंडाळली, परत बांधली. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

घरी आणल्यावर तिच्या केसांतून मुरूम निघेना. मी टँकरच्या पाण्याच्या दोन कळश्या तिच्या डोक्यावर ओतल्या. पिण्याचं पाणी होतं ते. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, ही बाई दुष्काळात नहाणं घालते. घातलं. खोबरेल लावून वेणी घातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वेणी घालता येत नव्हती, तेव्हाही मीच घालायची. तेव्हा केस माझ्या एका मुठीत मावत नसत, आता दोन बोटांत येत होते.

कंपनीचा माणूस पेढे घेऊन बघायला आला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "झालं ते वाईट झालं. आता विहीर अर्धी बुजलीच आहे, उरलेली बुजवून घेऊ."

जाऊ म्हणाली, "जाऊबाई म्हणतील तिथं मी अंगठा देते."

मी म्हणाले, "मी नाय म्हणते."

"का हो आजी? तुम्हालाच तर घाई होती."

"व्हय. म्हणूनच नाय म्हणते."

त्यानं नकाशा गुंडाळला. दीर महिनाभर माझ्यावर धुसफुसत होते, भावकी मला वेडी म्हणाली. दुकान पुढं दुसरीकडं झालं, जिथं सलग जागा मिळाली तिथं. मी एकदा जाऊन आले. गार होतं, स्वच्छ होतं, डाळ चांगली मिळते. आमचा मागचा तुकडा अजून हिरवाच आहे आणि विहिरीत मुरूम तसाच आहे.

दीर नंतर वारले. जाऊ आहे. तिचा एक पाय थोडा आखूड आहे, ती माझ्यासोबत राहते.