डोलकाठीवरचा अँटेना आणि चौथा रविवार

नाशिकहून तारापूरच्या किनाऱ्याला कुणी अँटेना बांधायला जात नाही. लोक चिकू आणायला जातात, फार तर समुद्र बघायला. मी गेलो तो तात्यांच्या पोस्टकार्डामुळे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, दिवाळी होऊन महिना झाला होता. कार्डावर एवढंच होतं: "वादळात बांबू मोडला. केबलला पाणी लागलं. हात थरथरतात, वर चढवत नाही. चौथ्या रविवारच्या आत ये."

आम्हा दोघांना हॅम रेडिओचा नाद. परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा, छपरावर तार ताणायची आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी गप्पा मारायच्या. तात्या निवृत्त शाळामास्तर. दर रविवारी सकाळी अकराला ते अंदमानातल्या दासबाबूंशी मोर्समध्ये, म्हणजे की दाबून वाजवलेल्या डिट-डाच्या खुणांत, बोलत. दासबाबूंची सगळी नोकरी दीपगृहावर गेलेली. अकरा वर्षांची दोस्ती, भेट एकदाही नाही. दोघांचं वय झालं तसा त्यांनी एक करार केला होता. लागोपाठ चार रविवार आवाज आला नाही, तर समजून जायचं आणि उगाच हाका मारत बसायचं नाही. वादळानंतरचे तीन रविवार गेले होते.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, पालघर. रस्ता वळणावळणाचा, म्हणून पोट हलकं ठेवा. पण खिडकी मात्र सोडू नका. कापलेल्या भातखाचरांवर धुकं होतं आणि डोंगर एकामागून एक पुसट होत गेलेले. माझ्या मांडीवर केबलचं भलंमोठं वेटोळं. तिकिटाचे किती पडले ते आठवत नाही, पण कंडक्टरने वेटोळ्याचंही अर्धं तिकीट फाडलं हे पक्कं आठवतं. मी डोळे मिटले की वेटोळं शेजाऱ्याच्या अंगावर जायचं आणि तो बिचारा झोपेतच ते परत माझ्याकडे ढकलायचा.

पालघरहून गाडीने बोईसर. तिथे नायलॉनची दोरी घेतली. कारखान्यातून सुटलेल्या एका कामगाराने वेटोळं निरखून विचारलं, "भैया, टीवी का है? पिक्चर साफ आएगा?" म्हटलं, यात पिक्चर दिसत नाही, फक्त आवाज येतो. "फिर इतना तार काहे को?" तो म्हणाला आणि माझी कीव करत निघून गेला. त्याच्यापुढे माझा नाद मलाच जरा खुळा वाटला.

तात्यांचं घर वाडीच्या टोकाला. मागे चिकूची झाडं, पुढे कोळीवाडा आणि बोंबील सुकवायचं मैदान. काकूंनी कंद आणि शेंगा एकत्र शिजवून उकडहंडी केली होती. थंडीत या बाजूला गेलात तर ती चुकवू नका. जेवताना मी सहज म्हटलं, "तात्या, दासबाबूंना तार करायची होती की."

"त्यांच्या घरी तार म्हणजे कुणीतरी गेलं. वाचायच्या आधीच रडारड," तात्या म्हणाले. "पत्र टाकलंय, पण ते बोटीने जाणार."

त्यांची बोटं ताटाच्या कडेवर आपोआप मोर्स वाजवत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी अडचण उभी राहिली ती उंच काठीची. मोडलेल्या बांबूएवढा दुसरा बांबू कुठे मिळेना. शेजारची जानकीबाय कुंपणापलीकडून ऐकत होती. "आमच्या जुन्या होडीची डोलकाठी पडून हाय. न्या ती. होडी मोडली, काठी नाय मोडली," ती म्हणाली. तिचा नवरा आणि दोन खलाशी काठी खांद्यावर घेऊन आले. शीड ज्या काठीवर चढायचं तिच्या टोकाला मी तांब्याची तार बांधली, सांध्याला डाख दिला, खारी हवा शिरू नये म्हणून वर मेण थापलं. मग चौघांनी चार दिशांनी दोर धरले आणि काठी मैदानाच्या कडेला उभी राहिली. तारेची दोन टोकं दोन्हीकडे उतरती आणून खुंट्यांना बांधली. संध्याकाळी मीटर पाहिलं, काटा अगदी जिथे हवा तिथे. वाऱ्यात तार बारीक गुणगुणत होती. पडल्या पडल्या ते ऐकताना घर संथ पाण्यावर निघाल्यासारखं वाटत राहिलं.

रविवारी दहाला सेट लावला आणि मीटरचा काटा भलतीकडेच! सेटची ताकद तारेतून बाहेर पडायच्या ऐवजी माघारी येत होती. मी केबल कापली, नवा डाख दिला. तेच. सेट उघडला, तेच. घामाघूम झालो. अकराचे ठोके पडले. तात्या चष्मा काढून पुसत बसले.

"अरे, बाहेर तरी बघून ये," काकू शेवटी वैतागल्या.

बाहेर आलो आणि हसू की रडू कळेना. तारेच्या दोन्ही उतारांवर, हात पोचेल तिथपर्यंत, ओले बोंबील ओळीने लटकत होते. जबड्यात जबडा अडकवून, अगदी शिस्तीत. पलीकडे जानकीबाय टोपली रिकामी करत होती.

"बाय, हे काय केलंत?"

"काय केलं? मैदानात दोरी रिकामी ठेवायची नाय, आमची रीत हाय. आन काठी आमचीच ना?"

"अहो, याच तारेतून मास्तर बोलतात. त्यांचे दोस्त तिकडे वाट बघतायत. आज नाही बोलले तर ते समजतील, मास्तर गेले."

जानकीबायने टोपली खाली टाकली. "अगो, या गो सगल्या!" अशी हाक घातली आणि पाच-सहा बायका धावल्या. एवढ्या भरभर हात चालताना मी कधी पाहिले नाहीत. तार पुसली ती जानकीबायने आपल्या पदराने. मग मी सगळ्यांना लांब उभं केलं, कारण सेट चालू असताना तारेला हात लागला तर चटका बसतो.

अकरा वाजून पंचवीस मिनिटं. तात्यांनी मोर्सची की दाबली. हाक दिली, ऐकलं. नुसती खरखर, ओहोटीच्या पाण्यासारखी. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. खिडकीत जानकीबाय ओल्या पदराने उभी. आणि त्या खरखरीतून, फार लांबून, बारीक डिट-डा सुरू झालं. तात्यांचा चेहराच बदलला. "दासच! त्याचा हात आहे हा." मोर्स वाजवणाऱ्याची लय हस्ताक्षरासारखी ओळखू येते.

तात्यांनी कळवलं, "माफ करा. आज चौथा होता."

उत्तर आलं ते मी कागदावर उतरवलं: "मी मोजलेच नाहीत."

तात्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. जानकीबायने मला विचारलं, "काय बोलतंय?" मी सांगितलं. "शाना हाय," ती म्हणाली आणि बोंबील परत घालायला गेली, या वेळी मैदानातल्या बांबूंच्या वलांडीवर.

सोमवारी परतलो. उरलेल्या तारेला असा वास होता की बायकोने ती महिनाभर गच्चीवरच ठेवली. त्या गावाला जायचं असेल तर थंडीत जा, बोईसरहून गाडी मिळते. डोलकाठी मात्र आता तिथे नाही.

तात्या पाचेक वर्षांनी गेले. काकूंचं पत्र आलं. दासबाबूंनाही कळवलं असेल, असं मी धरून चाललो. बरेच रविवार तसेच गेले. मग एकदा अकराच्या सुमाराला मी सहज सेटवर त्यांचा बँड लावला, तर दासबाबूंचा तोच बारीक डिट-डा तात्यांना हाक मारत होता. सातवा रविवार होता की आठवा, मला सांगता येणार नाही.

मी मोर्सची की जवळ ओढली आणि माझ्या नावाने उत्तर दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं रविवारी अकराला मी घराबाहेर पडत नसे.