साळखात्यातले शेजारी

माझे वडील शिवप्पा एकवीस वर्षं गिरणीच्या साळखात्यात होते. साळखातं म्हणजे विणाईचा विभाग. एका छपराखाली तीन-चारशे साचे, म्हणजे विणायचे माग, एकदम धडधडायचे. शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून तिथले सगळे आवाज न काढता बोलायचे. ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. पाणी पिऊन येतो, घरी पोरगी झाली, आज जॉबर, म्हणजे मुकादम, तापलाय, सगळं तसंच. गिरणी बंद पडली तेव्हा अप्पा चाळिशीत होते आणि कान जवळजवळ गेले होते. पुढची वीस वर्षं त्यांनी चादरींच्या कारखान्यात घड्या घातल्या.

ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज कायम चढलेला. मी नववीत असताना ते शाळेत आले आणि वर्गाच्या दारातूनच सरांना विचारलं, "राजेश्वरी अभ्यास करती की न्हाई?" सगळा वर्ग हसला. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, पुन्हा शाळेत येऊ नका. ते आले नाहीत. माझा दहावीचा सत्कार झाला तेव्हाही नाही.

माझी मुलगी काव्या मात्र लहानपणापासून त्यांच्याशी नुसत्या ओठांनीच बोलते. तिला कुणी शिकवलं नाही.

ती दहा वर्षांची असताना शाळेने मुलांना संग्रहालय पाहून यायला सांगितलं. शहराच्या कडेला एका बागेत उघड्यावरच मांडलेलं संग्रहालय होतं. गावोगावहून आणलेल्या वीरगळी, दोन तोफा, जुना रोडरोलर. रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. अप्पा काव्याला वीरगळ समजावून देत होते. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो महादेवापुढं हात जोडून बसलाय. काव्या वहीत चित्र काढत होती.

बागेच्या टोकाला पत्र्याखाली गिरणीचे तीन साचे ठेवले होते, हिरवा ऑइलपेंट देऊन. अप्पा तिकडे गेले. एका साच्याच्या बाजूला वाकून त्यांनी आत हात घातला, काहीतरी चाचपलं आणि हात काढून घेतला.

"अज्जा, हा तुझा?" काव्याने ओठांनी विचारलं.

"असलाच होता. पलीकडच्या साच्यावर कासीम असायचा."

"कासीम कोण?"

अप्पा तिथल्या कट्ट्यावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आवाज नेहमीसारखाच मोठा होता. लोक वळून पाहायला लागले. मी त्यांना हळू बोला म्हटलं नाही.

मी वर्षाची होते तेव्हाची गोष्ट. साच्यात आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारा चामड्याचा पट्टा असतो. अप्पांच्या साच्याचा पट्टा झिजला होता. त्यांनी जॉबरला दाखवला. जॉबर म्हणाला, पाळी संपेपर्यंत चालव. त्यांनी चालवला. तासाभरात धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक कासीमच्या डाव्या डोळ्यात गेलं.

"डोळा गेला. मग चौकशी झाली. सायबानं इचारलं, पट्टा कसा होता? जॉबर शेजारीच उभा होता. मी म्हटलं, पट्टा चांगला होता." अप्पांनी पलीकडच्या साच्याकडे बोट केलं. "कासीमच नको तितं उभा होता असं कागदावर लिवलं. मी सही केली. त्याला साच्यावरून काढून झाडू मारायला लावलं. मी त्याच्याकडं बघायचं सोडलं."

काव्याने वही मिटली. मग तिने विचारलं, "तू त्यांना सॉरी म्हणालास?"

अप्पांनी तोंड फिरवलं. तिने समोर जाऊन पुन्हा विचारलं. मला वाटलं ते चिडतील. ते उठले आणि म्हणाले, "चल."

रिक्षावाल्याला वळणं त्यांनीच सांगितली. इतकी वर्षं झाली तरी घर त्यांना पाठ होतं. दार कासीमचाचांच्या बायकोने, माजिदाचाचींनी उघडलं. क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवप्पाभाऊ ना? या."

कासीमचाचा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. हाडांचा सापळा झालेला, डाव्या डोळ्यावर काळी काच. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. अप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि ओठांनी बोलायला लागले. बाहेर सावकाश बोलतात तसं नाही, साळखात्यातल्यासारखं भराभर. मला कळेना. काव्यालाही कळत नव्हतं. कासीमचाचा मान न हलवता एका डोळ्याने वाचत होते.

अप्पांचं बोलून झालं. चाचांनी मात्र उत्तर आवाज काढून दिलं. बायकोनेही ते ऐकावं असं त्यांना वाटलं असावं.

"तू जॉबरला पट्टा दाखवलास ते मी बघितलं होतं. तो काय म्हणाला तेबी वाचलं होतं. तवाच मी बाजूला व्हायला पायजे होतं." ते दम खायला थांबले. "पण चौकशीत खोटं बोललास. त्याचा राग होता. लई वर्षं होता."

माजिदाचाचींनी त्यांच्यापुढे वाकून ओठांनी विचारलं, "और अब?"

"आता या वयात कुटं ठेवू तो?" चाचा म्हणाले.

अप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चाचींनी चहा केला, काव्याला खारी दिली. निघताना चाचांनी तिला विचारलं, कितवीत आहेस? तिने ओठांनी सांगितलं, पाचवीत. ते हसले.

त्यानंतर अप्पा दर शुक्रवारी दुपारी सिटी बसने तिकडे जायचे. दोघं तासन् तास बोलत बसायचे आणि घरात आवाज नसायचा, असं चाची सांगायच्या. चौदा महिने हे चाललं. मग कासीमचाचा गेले.

मी अप्पांना कब्रस्तानाच्या फाटकाशी सोडलं आणि बाहेर थांबले. ते सगळ्यात मागे उभे राहिले. कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्या चाचांच्या मुलाने, गौसने, मागे येऊन त्यांचा हात धरला आणि पुढे नेलं. अप्पांनी इतरांसारखीच तीन वेळा माती दिली. घरी येऊन अंघोळ केली आणि न जेवताच आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मला वाटलं, आता झोपू द्यावं. दुपारी पाहते तर त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि दारात चपला शोधत होते.

"कुठे निघालात?" मी समोर जाऊन विचारलं.

"माजिदाकडं," ते म्हणाले. "एकटीच हाय की ती."