व्हर्लिन प्रूइट कार्बाइन निवडतो

सात महिने. एक बंदूक निवडायला व्हर्लिन प्रूइटला सात महिने लागले आणि त्यातला एकेक शनिवार त्याने माझं डोकं खाण्यात घालवला.

मी ट्रूडी. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या डोंगराळ भागातल्या आमच्या गावात बंदुकांचं एकच दुकान आहे, त्याच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभी आहे. इथे शिकारी येतात, म्हातारे येतात, बायकोपासून लपवून खरेदी करणारे तर रोजच येतात. पण व्हर्लिनइतका शिष्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं तो गाडीच्या परवान्याची परीक्षा घ्यायचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी नापास केलंय. मला दोनदा. दुसऱ्या वेळचं कारण काय, तर मी आरशात पाहिलं खरं, पण ‘मनापासून’ पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर कुणाला नापास करायचं हा प्रश्न त्याने आमच्या दुकानात सोडवला.

मार्चमध्ये, शेळ्या व्यायच्या दिवसांत, तो पहिल्यांदा आला. “कार्बाइन हवी,” म्हणाला. “पिस्तुलाची गोळी खाणारी. माझं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आहे. तीच काडतुसं दोन्हीकडे चालली पाहिजेत, तेच गोळ्यांचं मॅगझिन दोन्हीकडे बसलं पाहिजे. कोयोटांनी, त्या कोल्ह्यांच्या थोरल्या भावांनी, बायकोची चांगली दुभती शेळी मारली. पिस्तुलाची नळी बोटभर, लांबवर त्याचा नेम कसा लागणार?”

मागणी शहाणपणाची होती, हे मला मान्य करावं लागेल. आखूड बंदूक, हलका धक्का, गोळ्यांची एकच पेटी. मी अर्ध्या तासात तीन काढून ठेवल्या. तिन्ही रिकाम्या आहेत हे मी उघडून दाखवलं, तर त्याने परत उघडून पाहिलं. तिथपर्यंत ठीक होतं. मग सुरू झालं. हिचा दस्ता घडी होतो म्हणून खुळखुळतो. हिचा चाप चिखलात बोट घातल्यासारखा. तिसरीवर लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवलेली होती (आतला उजेडाचा ठिपका ठेवाल तिथे गोळी लागते), तिच्यातून त्याने समोरच्या भिंतीवर नेम धरला आणि तोंड वाकडं केलं.

“ठिपका फुटलाय.”

“फुटलाय म्हणजे?”

“म्हणजे टोमॅटो आपटल्यासारखा दिसतोय. असला माल विकता तुम्ही?”

मी दुसरी दुर्बीण लावली. तीही फुटलेली. पुढच्या शनिवारी तिसरी, त्यानंतर नव्या खोक्यातली चौथी. सगळ्या जगाने कट करून फक्त व्हर्लिन प्रूइटला सदोष माल पाठवला होता. दर वेळी तो वहीत काहीतरी टिपून घ्यायचा, नाकाजवळ धरून. मग कोपऱ्यातल्या किटलीतली आमची फुकट कॉफी प्यायचा, ती पाणचट आहे असं सांगायचा आणि ट्रक घेऊन निघून जायचा. ट्रकचा उजवा पत्रा चेपलेला होता. “बाजारात कुणीतरी ठोकून पळालं,” असं तो सांगे. “हल्ली कुणालाही परवाने देतात.”

सप्टेंबरात, एका मंगळवारी, त्याची बायको आली. आयडेला पासष्टीची, बुटकी, बुटांना शेण लागलेलं, आणि दारात ते पुसून मगच आत येणारी. आमच्या चर्चमध्ये तिच्या सुकामेवा घातलेल्या पेकान पेस्ट्रीसाठी रांग लागते, पण नवऱ्याबरोबर असली की ती तोंड उघडत नाही. आज एकटी होती.

“ट्रूडी, मला बंदूक दाखव. खांद्याचं ऑपरेशन झालंय, धक्का सोसत नाही. कोयोट कुंपणाशी येतात, साठ पावलांवर.”

“पण व्हर्लिन तर…”

“तो निवडतोय गं. त्याला निवडू दे.”

मी तीच ठिपक्याची कार्बाइन तिच्या हातात दिली. तिने भिंतीवर नेम धरला. “छान दिसतोय की! मसुराएवढा, गोल.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. “फुटलेला नाही वाटत?”

“नाही. का गं?”

मी सांगितलं. आयडेलाने कार्बाइन सावकाश काउंटरवर ठेवली.

“ती शेळी कोयोटने नाही मारली,” ती म्हणाली. “व्हर्लिनने मारली. करड्या रंगाची होती माझी डेझी. भर दुपारी, अंगणातून. म्हणाला, कोयोट होता, पिस्तुलाने दगा दिला. मी तिला पुरायला नेली तेव्हा गोळीचं भोक पाहिलं. मला वाटलं, घाईत चुकला असेल. म्हातारा झाला, शरमला असेल. म्हणून मीही कोयोटच म्हणत राहिले.”

मग तिने नाक पुसलं आणि कामाला लागली. ठिपका नको, बॅटरी कोण बदलत बसणार. मॅगझिन नको, तिची बोटं सांध्यांनी आखडलेली. घरात तिच्या वडिलांचं अडतीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसांचे दोन डबे होते. मी मागून एक जुनी वापरलेली कार्बाइन आणली, खालचा दांडा ओढून गोळी भरायची, त्याच काडतुसांवर चालणारी. तिने दोनदा दांडा ओढला, खांद्याला लावली, खाली घेतली. “हीच.” फॉर्म भरला, तिच्यावर गुन्हे नाहीत ना याची फोनवरून तपासणी झाली. सगळं धरून वीस मिनिटं. गुरुवारी तिने कुंपणापाशी एक कोयोट पाडला आणि दुसऱ्या दिवशी मला पेकान पेस्ट्री आणून दिली.

शनिवारी व्हर्लिन तणतणत आला. “माझ्या बायकोला तू भंगार विकलंस! गायी हाकणाऱ्या काउबॉयची बंदूक! मला न विचारता!”

“मिस्टर प्रूइट, तुमच्यामागे, दारावर पाटी आहे. काय लिहिलंय?”

“काय पोरकटपणा आहे हा?”

“वाचा ना. परवान्याच्या परीक्षेत तुम्ही मला डोळे तपासायचा तक्ता वाचायला लावायचात, तसं.”

तो वळला. पाटी वीतभर अक्षरांची आहे, बंदूक रिकामी करून आत आणा असं सांगणारी. तो तिच्याकडे पाहत राहिला. मान पुढे काढली, बाजूला केली. माझ्या मनात दया यायला हवी होती, मला कळतं ते. पण दारात त्याचा ट्रक उभा होता. शाळेवरून येणाऱ्या रस्त्याने तो चालवत आणला होता, आणि मला दुसरं काही दिसेना.

“किती दिवस?” मी विचारलं.

“मोतीबिंदू आहे,” तो हळू म्हणाला. “दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, पंधरा मिनिटांचं काम. पण डोळ्यात पातं घालतात, ट्रूडी. जागेपणी.”

“आणि परवाना?”

“परवान्याच्या खिडकीवर लोनी बसतो. त्याला मी शिकवलंय. त्याच्यासमोर मी तक्ता वाचू?”

एवढंच होतं. पात्याची भीती आणि लोनीची लाज. त्यासाठी एक शेळी मेली, ट्रक कशावर आदळला ते देव जाणे, आणि माझ्या चार दुर्बिणी बदनाम झाल्या. मी हात पुढे केला. “चाव्या.”

“तुला काय अधिकार?”

“काही नाही. द्या.”

त्याने दिल्या नाहीत. मी त्याच्यासमोर आयडेलाला फोन लावला. ती शेजाऱ्याच्या गाडीतून आली, नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घालून चाव्या काढल्या आणि म्हणाली, “डेझीचं मला माहीत आहे, व्हर्लिन. चल.” तो काहीतरी पुटपुटला. ती थांबली नाही. पोराला शाळेतून नेल्यासारखी त्याला घेऊन गेली.

ऑक्टोबरात स्प्रिंगफील्डच्या इस्पितळात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तो शुद्धीवर होता आणि म्हणे तोंडातून हूं निघालं नाही. हे त्यानेच सांगितलं, त्यामुळे विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. तक्ता त्याने घडाघडा वाचला. लोनीने नियमाप्रमाणे गाडीही चालवून दाखवायला लावली, तेव्हा चौकातल्या ‘थांबा’च्या पाटीपाशी व्हर्लिन पुरता थांबला नाही. वर लोनीशीच वाद घातला की थांबलो होतो. नापास. मी दुकानात ही बातमी ऐकली आणि सगळ्यांना माझ्या पैशाने डोनट दिले.

नव्या डोळ्यांनी माणूस थोडा नरमेल, असं मला वाटलं होतं. कसचं काय. महिनाअखेरीस तो आला, चहूकडे पाहिलं आणि म्हणाला, “फरशी कधी पुसता? आणि तू केवढी म्हातारी झालीस!” ठिपका आता गोल दिसत होता, हे त्याने कबूल केलं नाही. “नवीन माल आलाय वाटतं,” म्हणाला. त्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन बसणारी एक कार्बाइन त्याने विकत घेतली, एकदाची. घरी आयडेलाने ती कपाटात घालून कुलूप लावलं. शेळ्यांकडे तीच बघते.

परवाना त्याला दुसऱ्या खेपेला मिळाला, पण चाव्या नाहीत. परवा मी पेट्रोल भरत होते तेव्हा त्यांचा ट्रक शेजारी थांबला. आयडेला चालवत होती. तो बाजूच्या सीटवरून सांगत होता, वळायचा दिवा उशिरा लावलास, आरसा पाहिला नाहीस, पांढऱ्या रेघेवर गेलीस. ती खाली उतरली, टाकीत नळ लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “ऐकलंस? घरापासून चालू आहे.” मग खिडकीत वाकून तिने रेडिओ मोठा केला.