सारंगी टिपायला बसलो तेव्हा

लोक सिनेमाची गाणी जमवतात. मी गाणी सोडून उरलेलं जमवायचो. नायिका जिना उतरताना वाजणारी व्हायोलिनं, खलनायकाच्या गाडीमागचे ढोल, नुसतं दार उघडलं तरी घुमणारं ते काहीतरी. गाण्यांचा नाद घरच्यांना समजला असता. पण शब्दच नसलेल्या कॅसेटींनी पातळांचा खण भरलेला पाहून आई पाहुण्यांना हळूच सांगायची, "त्याचं जरा वेगळंच आहे."

या संगीताची रेकॉर्ड सहसा निघायचीच नाही. म्हणून रविवारी टीव्हीवर सिनेमा लागला की टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि घरादाराला मुकं करायचं, ही माझी पद्धत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्यात कोळीवाड्याला लागून आमची चाळ होती. एका जुन्या मराठी सिनेमाच्या मी कधीचा मागावर होतो. त्यात बाप लेकीला सासरी सोडून रिकामी बैलगाडी घेऊन परततो. बोलणं नाही, फक्त सारंगी. तो सिनेमा त्या रविवारी लागणार होता. पुन्हा कधी लागेल, देव जाणे. ती सारंगी मला स्वच्छ हवी होती.

पंखा बंद केला. मोरीतल्या ठिबकत्या नळाखाली फडकं टाकलं. शेजारच्या काकूंना कुकर लावायला बंदी केली.

"अरे, मग आम्ही जेवायचं कधी?"

"बाप घरी पोचला की."

खरी भीती होती मावशीची. ती कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकायची आणि रविवारी आमच्याकडे टीव्हीसमोर हक्कानं पुढं बसायची. विनोदी सिनेमातही रडायची जागा ती बरोबर शोधून काढायची आणि मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं रडायची.

"मावशी, आज रडायचं नाही हं."

"नाय रडनार रं पोरा. तोंडात पदर कोंबून बसीन."

आणि खरंच बसली बिचारी.

बैलगाडी निघाली. मी बटणं दाबली. सारंगी सुरू झाली. घामानं निथळत सगळी खोली श्वास रोखून बसलेली. मावशीच्या डोळ्यांना धार लागलेली, पण आवाज म्हणून नाही. आणि तेवढ्यात कुणीतरी भलामोठा हुंदका दिला. मी संतापून मागं वळलो. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आता कोन रडला रं?" मावशीनं पदर काढून विचारलं, आणि उरलेली सारंगी हशात बुडाली.

ती कॅसेट मला ऐकवेना, आणि पुसवेनाही. का, ते कळत नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न नुकतंच होऊन ती कल्याणला गेलेली. पण ठाण्याहून कल्याण म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. त्यात रडण्यासारखं काय, असंच मी तेव्हा धरून चाललेलो.

दिवाळीला ती माहेरी आली. आईनं फराळाबरोबर माझी फजितीही तिला वाढली.

"लाव बघू," बहीण म्हणाली.

लावली. हुंदका आला, हशा आला. ती हसली नाही.

"परत लाव."

परत लावली. मग म्हणाली, "मांडवात सगळे रडत होते. तू लाउडस्पीकरची वायर गुंडाळत होतास. मला वाटलं, सुटला एकदाचा."

"भाड्याची वायर होती अगं," मी म्हणालो.

तिनं कॅसेट काढली आणि पर्समध्ये टाकली.

"अगं, एकच कॉपी आहे ती!"

"म्हणूनच."

नव्वदनंतर डोंबिवलीतल्या एका जाणकारानं तीच सारंगी मला अगदी स्वच्छ भरून दिली. हुंदका नाही, हशा नाही. ती मी कुणीही मागितली तरी देतो. मी, ज्यानं आयुष्यात कुणाला कॅसेट हातात धरू दिली नाही. पहिली ऐकायची तर कल्याण गाठावं लागतं. बहीण ती लावते, आणि टेपकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसते.